अर्ध्यावर सरकलेली नक्षी

भरतकामाचें यंत्र घरांत आलें म्हणजे पहिले आठ दिवस सारें घर त्याच्याभोंवतीं जमतें. मुलें पडद्यावरील रंग मोजतात, आजोबा चष्मा पुसून सुईखालीं उमलणारें फूल पाहतात, आणि उशांचे अभ्रे, हातरुमाल, शाळेच्या पिशव्या, जें हातीं लागेल त्यावर मोर नाहीं तर कमळ उठूं लागतें. या आठ दिवसांत यंत्राविषयीं एक समजूत मनांत पक्की बसते, ती ही कीं, बटण दाबलें म्हणजे आपलें काम संपलें. नवव्या दिवशीं ती समजूत मोडते. पाकळ्यांचें भरण सुरेख झालेलें असतें. मग यंत्र गडद दोऱ्यानें कडेची रेघ घालूं लागतें, आणि पाहतां पाहतां ती रेघ पाकळीच्या कडेवर न बसतां कोऱ्या कापडावरून चालूं लागते. एका बाजूस पाकळीचा रंग रेघेबाहेर सांडलेला, दुसऱ्या बाजूस रेघेच्या आंत पांढरी फट. नक्षी सरकली!

अशा प्रसंगीं घरोघर काय घडतें हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. कोणी घाबऱ्या घाबऱ्या रिंग उघडून कापड बाहेर काढतें व उजेडाकडे धरून पाहतें. कोणी ‘पुढें आपोआप जुळेल’ या आशेनें यंत्र तसेंच चालूं ठेवतें. कोणी लगेच कात्री घेऊन उसवावयास बसतें. यांतील दुसरी गोष्ट वेडेपणाची आहे हें कोणालाही कळेल. परंतु पहिली व तिसरी तितकीच घातक आहे, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. कापड रिंगेंतून सुटलें कीं, नक्षी कशानें सरकली हें सांगणारा एकमेव साक्षीदार नाहींसा होतो. आणि कारण कळण्यापूर्वींच उसवणें म्हणजे नाडी पाहण्याआधीं काढा उकळणें होय. अशा वेळीं यंत्र थांबवावें, सुई वर घ्यावी, आणि पडद्यावर टांक्याचा जो आंकडा दिसत असेल तो कागदावर टिपून ठेवावा. एवढें झालें म्हणजे घाई करण्याचें कांहींएक कारण उरत नाहीं. स्वयंपाकघरांत जाऊन चहा घेऊन आलें तरी चालेल. नक्षी तेवढ्यांत आणखी सरकत नाहीं.

सरकलें काय, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर मिळण्यास यंत्राची चाल थोडी समजून घेतली पाहिजे. हातानें भरतांना कापड स्थिर असतें व सुई त्यावरून फिरते. यंत्रांत याच्या उलट. सुई आपल्या जागीं नुसती वर-खालीं होत असते. फिरतें तें कापड. ज्या चौकटींत कापड बसवितात व जिला आपण घरांत रिंग म्हणतों, ती एका सरकत्या दांड्यास अडकविलेली असते. दोन लहान मोटारी तिला फिरवितात. एक उजवीकडे-डावीकडे, दुसरी पुढें-मागें. नक्षी म्हणून आपण जें यंत्राच्या हवालीं करतों त्यांत चित्र असें मुळीं नसतेंच. त्यांत असतात नुसते हुकूम: इतकें उजवीकडे, इतकें पुढें, टांका घाल. हें माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत बारीक असतें. आतां गंमत अशी कीं, बहुतेक घरगुती यंत्रांना डोळे नसतात. रिंग खरोखर कोठें आहे हें तें पाहत नाहीं. आपण किती पावलें टाकलीं एवढेंच तें मोजतें. दिवे गेलेल्या वाड्यांत माजघरापासून परसदारापर्यंतचीं पावलें मोजीत जाणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिति असते. वाटेंत कोणीं धक्का दिला तरी तो आपला मोजीतच जातो, आणि शेवटच्या पावलाला दाराऐवजीं भिंतीवर आदळतो.

ही युक्ति आजची नव्हे. फ्रान्समधील मुलूझ येथील जोशुआ हाइलमान यानें १८२८ मध्यें भरतकामाचें यंत्र तयार केलें, त्यांतही सुया जागच्या जागीं पुढें-मागें होत व उभें ताणलेलें कापड हलविलें जाई. कारागीर मोठ्या आकारांत काढलेल्या चित्रावर टांक्यामागून टांका टोंचा फिरवी, आणि पँटोग्राफ नांवाच्या सांधेदार दांड्यांच्या जोडणीनें कापडाची चौकट त्याच दिशेस, पण लहान प्रमाणांत, सरकत असे. पुढें स्वित्झर्लंडमध्यें सेंट गॅलनच्या प्रदेशांत इझाक ग्रोब्ली यानें १८६३ मध्यें शिवणयंत्राप्रमाणें दोन दोऱ्यांचा टांका घालणारें ‘शिफ्ली’ यंत्र काढलें. शिफ्ली म्हणजे होडकें. आंतील धोट्याच्या आकारावरून हें नांव पडलें. त्याच्याच मुलानें १८९८ मध्यें भोंकें पाडलेल्या पट्ट्यांच्या साह्यानें तें यंत्र आपोआप चालेल असें केलें. भोंकें गेलीं, पट्ट्या गेल्या, त्यांची जागा आतां संगणकानें घेतली. तरी चित्राचे टांके पाडण्याच्या कामाला आपल्याकडील धंद्यांत अजून ‘पंचिंग’च म्हणतात. सेंट गॅलनच्या त्या भरभराटीच्या काळांतील एक गोष्ट आमच्या विषयास फार लागू आहे. यंत्रावरून उतरलेलें कापड तेथें तसेंच विक्रीस जात नसे. सुटलेले टांके व चुकलेल्या जागा हातानें भरून काढणें हें तेथील पुष्कळ स्त्रियांचें पोटाचें काम होतें. यंत्र आलें म्हणून हातांतली सुई सुटली नव्हती.

तर सरकणाऱ्या गोष्टी तीन. पहिली यंत्राचा हिशेब, दुसरी रिंगेंतील कापड. तिसरी खरें म्हणजे सरकतच नाहीं, ती मुळांतच चुकीची असते, ती म्हणजे खुद्द नक्षी. तिन्हींचें बाह्य लक्षण दिसावयास एकच, पण उपाय अगदीं निराळे, आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर काम अधिकच बिघडतें.

तिन्हींतील भेद ओळखावयाची परीक्षा सोपी आहे. तिला फक्त सुईचें टोंक लागतें. बहुतेक यंत्रांत टांके मागें-पुढें नेण्याचीं बटणें असतात. त्यांनीं एकेक, दहादहा, शंभरशंभर टांके उलटे मोजीत जें काम बरोबर झालेलें आहे त्यांतील एखाद्या स्पष्ट जागेवर परत जावें. पाकळीचें टोंक, देठाचा शेवट, चौकोनाचा कोपरा, अशी जागा चांगली. मग हाताचें चाक आपल्याकडे फिरवून सुई इतकीच खालीं आणावी कीं, तिचें टोंक कापडास नुसतें टेकेल. तें टोंक पूर्वींच्या टांक्याच्या भोंकांतच उतरलें तर त्या जागीं सर्व ठीक आहे. नाहीं उतरलें तर किती अंतर पडलें व कोणत्या दिशेस, हें पट्टीनें मोजून लिहावें.

येथेंच थांबूं नये. नक्षीच्या दुसऱ्या टोंकास, होईल तितक्या लांबच्या जागीं, हीच परीक्षा पुन्हां करावी. घाईंत ही दुसरी परीक्षा सर्वजण टाळतात. पण आमचा आग्रह तिच्याविषयींच आहे, कारण सारें निदान तिच्यावर अवलंबून असतें. दोन्ही ठिकाणीं अंतर सारखें व एकाच दिशेस असेल, तर बहुधा यंत्राचा हिशेबच चुकला आहे. एका ठिकाणीं एक मिलिमीटर व दुसऱ्या ठिकाणीं तीन, किंवा एकीकडे उजवीस व दुसरीकडे खालीं, असें निघालें तर कापड ताणलें, ढिलें झालें अथवा फिरलें आहे. आणि दोन्ही ठिकाणीं टोंक बरोबर भोंकांत उतरूनही रेघ जुळत नसेल, तर दोष नक्षीचा. रिंगेला किंवा यंत्राला हात लावण्याचें कारण नाहीं.

या कामीं आणखी एक साधी खूण फार उपयोगीं पडते. काम सुरू करण्यापूर्वींच रिंगेच्या आंतल्या कडेला लागून कापडावर चार बाजूंस, पाण्यानें निघून जाणाऱ्या पेन्सिलीनें, चार बारीक रेघा ओढून ठेवाव्या. पुढें नक्षी सरकली आणि या रेघा कडेपासून आंत आलेल्या दिसल्या, तर कापड घसरलें हें सांगावयास दुसरा साक्षीदार नको. या चार रेघांना अर्धें मिनिट लागतें.

यंत्राचा हिशेब चुकण्याचीं कारणें यंत्राच्या पोटांत शोधूं नयेत. तीं बहुधा मेजावरच सांपडतात. दांडा मागें जातांना भिंतीला टेकतो. दोऱ्याचें रीळ किंवा चहाचा पेला त्याच्या वाटेंत येतो. रिंग दांड्यांत पुरती बसलेली नसते. बसतांना जो ‘खट्’ असा आवाज व्हावयास पाहिजे तो झाला कीं नाहीं, इकडे कोणीं लक्ष दिलेलें नसतें. सर्वांत अधिक वेळां घडतें तें असें कीं, कापड मोठें असतें, त्याचा उरलेला भाग मेजावरून खालीं लोंबत असतो, आणि त्याच्या ओझ्यानें किंवा तो कोठें तरी अडकल्यानें रिंग एक क्षण अडते. मोटार ढकलते, दांडा हलत नाहीं, पण यंत्राच्या वहींत पाऊल मांडलें जातें. तेथपासून पुढचा प्रत्येक टांका तेवढ्याच अंतरानें चुकतो.

याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत २०२३ च्या मार्गशीर्षांत धाकट्या मुलीचें लग्न होतें. तिच्या आजीच्या लग्नांत, १९६१ सालीं, वापरलेला पांढरा रेशमी शेला घरीं जपून ठेवलेला होता. जरीचा कांठ अजून चांगला होता. त्याच शेल्याचा अंतरपाट करावा, मधोमध आम्रपल्लव व नारळासह कलश भरावा आणि दोन्ही अंगांस मोर काढावे, असें सर्वांनीं ठरविलें. काम थोरल्या सूनबाईंकडे आलें, कारण घरांतील यंत्र त्याच चालवीत. त्यांनीं योग्य ती काळजी घेतली होती. जुनें रेशीम रिंगेंत आवळलें तर त्यावर वळ उठतो व कधीं कधीं तें विरतें, म्हणून त्यांनीं रिंगेंत नुसतें खालचें बॅकिंग ताणून बसविलें आणि शेला त्यावर धांवदोऱ्यानें टांचला. कलशाचें पिवळें भरण झालें, पानें झालीं, नारळ झाला. तांबड्या दोऱ्यानें कलशाची कड सुरू झाली आणि पस्तीसएक टांके पडतात न पडतात तोंच रेघ दोन मिलिमीटर डावीकडे गेलेली त्यांना दिसली. लग्नास चार दिवस उरले होते.

घरांत अर्थातच गर्दी जमली. सासूबाईंचें मत पडलें कीं, सगळें उसवून नव्यानें काढावें. “अगं, रात्रभर बसूं आपण दोघी. मी उसवतें, तूं पुन्हां लाव.” यावर सूनबाईंनीं शांतपणें सांगितलें, “आई, सुती कापड असतें तर बसलों असतों. पण या रेशमाला पडलेलें भोंक बुजत नाहीं. सगळें उसवलें तर शेला गेला म्हणून समजा.” त्यांचें म्हणणें खरें होतें. सुती कापड ओलें करून नखानें घासलें म्हणजे त्याचे धागे बरेचसे पूर्वजागीं येतात. घट्ट विणीच्या जुन्या रेशमांत सुईचें भोंक तसेंच राहतें, आणि भरणाचे हजारों टांके निघाले तर मागें चाळणीच उरते.

तेव्हां त्यांनीं सुईच्या टोंकाची परीक्षा केली. कलशाच्या बुडाशीं टोंक भोंकाच्या डावीकडे दोन मिलिमीटर पडलें. नारळाच्या शेंड्याशीं गेल्या. तेथेंही डावीकडे, तेथेंही दोनच. धांवदोरा सगळीकडे जसाच्या तसा होता. म्हणजे शेला सरकला नव्हता. सरकला होता हिशेब. शोध घेतां कारणही मिळालें. शेल्याचा लोंबता पदर मेजाच्या खणाच्या पितळी कडींत अडकला होता.

अशा प्रकारांत नक्षी बाणांच्या बटणांनीं उलट दिशेस ढकलण्याचा मोह होतो, व तेवढ्यानें कधीं कधीं कामही भागतें. परंतु हिशेब चुकला असेल तर तो पुन्हां मांडून घेणें हाच शहाणपणा. यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें म्हणजे दांडा आपल्या मूळ खुणेपर्यंत जाऊन येतो व मोजणी पहिल्यापासून सुरू होते. मात्र दांडा फिरतांना रिंग त्यावर असूं नये, म्हणून ती आधीं दांड्यावरून काढून घ्यावी. येथें एक भेद नीट ध्यानांत धरावा. रिंग दांड्यावरून काढावयास हरकत नाहीं, कारण ती परत त्याच खांचेंत बसते. कापड रिंगेंतून काढावयाचें नाहीं, कारण तें परत त्याच जागीं कधींच बसत नाहीं. कांहीं यंत्रें काम कोठें थांबलें तें स्वतः लक्षांत ठेवतात. जीं ठेवीत नाहींत त्यांच्यासाठीं टांक्याचा तो टिपलेला आंकडा हवा. नक्षी पुन्हां उघडून तेथपर्यंत पुढें जातां येतें. काम सुरू करतांना नक्षी मधून थोडी हलविलेली अथवा फिरविलेली असेल तर तीं मापेंही टिपलेलीं पाहिजेत, नाहीं तर सारें पुन्हां मूळ जागेवर उघडतें.

सूनबाईंनीं हें सर्व केलें. पदर सोडवून गुंडाळी करून मेजावर ठेवला, रिंग परत बसविली, कड सुरू होण्यापूर्वींच्या भरणाच्या शेवटच्या टांक्यावर गेल्या, आणि सुईचें टोंक त्याच्या भोंकांत अचूक उतरलें. आतां प्रश्न राहिला तो चुकलेल्या पस्तीस टांक्यांचा. ते त्यांनीं उलट बाजूनें काढले. वरचा दोरा ओढूं नये. कापड पालथें करून खालचा बॉबिनचा दोरा दर तिसऱ्या-चौथ्या टांक्यास लहान कात्रीनें कापावा, म्हणजे वरचा दोरा आपण होऊन मोकळा होतो. हें त्यांनीं रिंग न उघडतां केलें. उजव्या अंगाचीं भोंकें भरणाच्या आंत पडलीं होतीं, तीं दिसेनाशीं झालीं. डाव्या अंगाचीं मात्र कोऱ्या रेशमावर ओळीनें उभीं राहिलीं.

त्या ओळीकडे आत्याबाई बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “कड होऊं दे यंत्राची. नंतर त्या भोंकांवरून मी एक डहाळी नेतें. कलशापाशीं आंब्याची डहाळी कोणाला खटकणार आहे?” यंत्राचें काम संपल्यावर त्यांनीं हिरव्या रेशमानें देठाच्या टांक्याची एक नाजूक डहाळी नेमकी त्या भोंकांवरून वळवली, तिला चार पानें दिलीं, आणि तशीच दुसरी उजव्या बाजूस, जेथें कांहीं झांकावयाचें नव्हतें तेथें, जोडीसाठीं काढली. लग्नांत अंतरपाटाची तारीफ झाली ती त्या डहाळ्यांची. हें ऐकून यंत्राच्या अभिमान्यांना वाईट वाटेल, पण घडलें तें असें.

कापडच घसरलें असेल तर गोष्ट इतकी सरळ नसते. येथें पहिला नियम हा कीं, ढिलें पडलेलें कापड ओढून ताठ करूं नये. ओढल्यानें जेवढें जुळलेलें असतें तेंही विस्कटतें. शिवाय काम संपून रिंग सुटली म्हणजे ताणलेलें कापड पूर्वस्थितीवर येतें व भरतकामाभोंवतीं चुण्या पडतात. त्यापेक्षां रिंगेखालीं बॅकिंगचा आणखी एक ताव सरकवावा, आणि नक्षीच्या बाहेरून बोटभर अंतरावर हातानें धांवदोरा घालून कापड त्यास टांचून टाकावें. म्हणजे जें घसरावयाचें तें घसरलें, पुढें घसरणार नाहीं. मग नक्षी कापडाच्या मागें न्यावी. खडूच्या मूळ खुणा आतां विसराव्या; जे टांके पडलेले आहेत तेच खरे, त्यांच्याशींच पुढची रेघ जुळवावयाची. बाणांच्या बटणांनीं नक्षी थोडथोडी हलवीत, प्रत्येक वेळीं सुईचें टोंक टेकवून पाहावें. कांहीं यंत्रें काम सुरू झाल्यावर नक्षी हलवूं देत नाहींत; तेथें ती बंद करून नव्यानें उघडावी, हलवावी व मग टिपलेल्या आंकड्यावर जावें.

कापड फिरलेलें किंवा कमीअधिक ताणलेलें असेल तर सर्व ठिकाणीं जुळणी होणार नाहीं, हें आधींच मान्य केलेलें बरें. फिरलें असेल तर ज्या यंत्रांत अंशाअंशानें नक्षी फिरवितां येते तेथें बरेंच साधतें. ताणलें असेल तर तडजोड करावी लागते. आणि ती कोठें करावयाची हें पाहणाऱ्याच्या दृष्टीवरून ठरवावें. मोराचा डोळा व चोंच अचूक बसली पाहिजे. पिसाऱ्याच्या टोंकास अर्धा मिलिमीटर कमीजास्त झाला तर कोणी वांकून पाहत नाहीं. तेव्हां डोळ्यापाशीं जुळवावें व चूक पिसाऱ्याकडे जाऊं द्यावी. कापड रिंगेंतून सुटूनच गेलें असेल तर रिंगेबरोबर चौकटी आंखलेला जो पारदर्शक पत्रा येतो तो बाहेर काढावा. एरवीं तो खोक्यांतच पडून असतो. त्याच्या साह्यानें नक्षीचा मध्य व दुसरी एक लांबची जागा, अशा दोन बिंदूंवर कापड बसवावें. एका बिंदूवर बसविलेलें कापड चक्राप्रमाणें फिरूं शकतें. दोहोंवर बसविलें म्हणजे फिरत नाहीं.

मुळांत कापड घसरतें कां, याचें उत्तर नव्वद वेळां बॅकिंगमध्यें असतें. घट्ट सुती कापडास फाडून काढावयाचें बॅकिंग चालतें. बनियनप्रमाणें ताणणाऱ्या विणीच्या कापडास तें चालत नाहीं. तेथें कापून कडेचें तेवढें काढावयाचें व टांक्यांखालीं कायम राहणारें जाड बॅकिंग पाहिजे. पैसे वांचविण्यासाठीं जुन्या वर्तमानपत्राचा कागद घालणारीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. पहिल्या हजार टांक्यांत सुई त्या कागदाची चाळण करते आणि मग कापडाला आधार असा कांहीं उरतच नाहीं.

तिसरा प्रकार नक्षीच्या दोषाचा. याची ओळख अशी कीं, तो दर खेपेस त्याच जागीं येतो. चार रुमाल काढले तर चारांवर तीच फट. टांक्याचा दोरा ताणलेला असतो, त्यामुळें तो कापडास आपल्या दिशेनें आंत ओढतो. आडव्या टांक्यांनीं भरलेलें वर्तुळ रुंदीला किंचित् कमी होतें आणि उंचीला किंचित् वाढतें. मग मोजून आंखलेली कडेची रेघ उजव्या-डाव्या अंगास सुटी पडते व वर-खालीं भरण तिच्याबाहेर येतें. चांगलें पंचिंग करणारा हें ओढणें आधींच धरून भरण थोडें रुंद ठेवतो, त्याच्याखालीं विरळ टांक्यांचा पाया घालतो, आणि एका फुलाचें भरण झालें कीं लगेच त्याची कड घालतो. सगळीं भरणें आधीं व सगळ्या रेघा शेवटीं असें करीत नाहीं. फुकट मिळालेल्या नक्ष्यांत हा विचार पुष्कळदां नसतो. काम चालूं असतां अशी फट दिसली तर नक्षी हलवून कांहीं साधत नाहीं. डावीकडची फट बुजवावी तर उजवीकडची दुप्पट होते. तें काम तसेंच पुरें होऊं द्यावें, फटींत त्याच रंगाच्या दोऱ्यानें हातानें चार टांके भरावे, आणि पुढच्या खेपेपूर्वीं नक्षी दुरुस्त करून घ्यावी.

दोरा तुटणें, बॉबिन संपणें व वीज जाणें यांनीं नक्षी सरकत नाहीं, पण त्यांच्यानंतरच्या घाईनें ती सरकते. बॉबिन बदलतांना रिंगेवर कोपर टेकूं नये. दोरा ओंवून झाल्यावर तुटलेल्या जागेच्या पांच-दहा टांके मागें जाऊन सुरुवात करावी, म्हणजे सांधा दिसत नाहीं. मोठें काम हातीं घेण्यापूर्वीं बॉबिन नवी भरून ठेवावी, सुई नवी घालावी, आणि नाजूक कापडावर वेग मिनिटास ४०० टांक्यांच्या आसपास आणावा. बरींच यंत्रें याच्या दुप्पट वेगानें धांवूं शकतात, म्हणून धांवलींच पाहिजेत असें नाहीं. ज्या गांवीं वीज वरचेवर जाते तेथें यंत्रास पुरेल असा यूपीएस जोडला म्हणजे निदान चालूं रंग पुरा होण्याइतका अवधि मिळतो.

शेवटीं मेजाविषयीं. तें भिंतीपासून हातभर पुढें असावें, आणि यंत्राच्या डाव्या अंगास कापड पसरून ठेवण्यापुरती मोकळी जागा असावी; नसेल तर दुसरें लहान मेज लावून ती करावी. खणांना कड्या असतील तर त्यांवर फडकें बांधावें. दांडा जेथवर फिरतो तेथवर मेजावर खडूनें एक चौकोन आंखून ठेवावा व त्याच्या आंत कोणीं कांहीं ठेवूं नये असें घरांत सांगून ठेवावें. मुलें हा चौकोन आनंदानें पाळतात. यंत्र पाहण्यासाठीं हातांत चहाचा पेला घेऊन येणाऱ्या पाहुण्यांवर मात्र नजर ठेवावी लागते.